पुणे-नागपूर विमानप्रवास : अंतर ६०५ किलोमीटर, वेळ दीड तास!

पुणे : राज्याच्या एका टोकाला पुणे आणि दुसऱ्या टोकाला उपराजधानी नागपूर. या दोन शहरांच्या विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने उडते. साधा भागाकार केला, तर हे अंतर ४४ मिनिटांत संपायला हवे. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात मात्र या प्रवासासाठी साधारणतः सव्वा ते दीड तास दाखविलेला असतो, आणि पुण्यातील घरातून निघालेल्या प्रवाशाला नागपुरातील घरी पोहोचेपर्यंत जवळपास पाच तास लागतात.

चव्वेचाळीस मिनिटे, दीड तास आणि पाच तास ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणते उत्तर कशासाठी वापरायचे, हे ठाऊक नसल्याने प्रवाशांचा गोंधळ उडतो. शिक्षण आणि नोकरीनिमित्त विदर्भातून पुण्यात आलेल्या हजारो कुटुंबांसाठी हा केवळ आकडेमोडीचा प्रश्न नाही. दोन दिवसांच्या सुटीत घरी जाणे परवडेल की नाही, हे याच हिशेबावर ठरते.

अंतर नेमके कोणते?

दोन विमानतळांमधील अंतर सांगताना पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील सर्वांत जवळचा मार्ग मोजला जातो. पुण्याचा लोहगाव विमानतळ साधारणतः १८.५८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व येथे आहे. म्हणजे नागपूर पुण्याच्या उत्तरेस अडीच अंश आणि पूर्वेस पाच अंशांहून थोडे अधिक आहे. या दोन बिंदूंमधील अंतर सुमारे ६०५ किलोमीटर भरते. वैमानिक अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर; त्या हिशेबाने हे अंतर सुमारे ३२७ सागरी मैल होते.

नकाशावर ही रेषा आखली, तर ती अहिल्यानगरच्या जवळून जाते, पुढे पैठणच्या खालच्या अंगाला गोदावरी ओलांडते, वाशीमला जवळजवळ स्पर्श करते आणि यवतमाळ व वर्धा ही दोन्ही शहरे उजवीकडे ठेवून नागपूरला पोहोचते. या रेषेचा मध्यबिंदू लोणारच्या प्रसिद्ध सरोवराच्या थोडा दक्षिणेस येतो. प्रत्यक्षात विमान या रेषेवरून तंतोतंत जात नाही. ठरवून दिलेले हवाई मार्ग, हवाई दलाची राखीव क्षेत्रे आणि वाटेतील ढगांची स्थिती यांनुसार त्याला थोडे इकडेतिकडे वळावे लागते. त्यामुळे विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर सरळ अंतरापेक्षा नेहमीच काहीसे अधिक भरते.

रेखांशातील फरकाचा आणखी एक परिणाम आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. पुणे आणि नागपूर यांच्यात पाच अंशांचे अंतर असल्याने नागपुरात सूर्य माथ्यावर येतो, तो पुण्याच्या सुमारे २० मिनिटे आधी. घड्याळ दोन्हीकडे एकच असल्यामुळे सायंकाळच्या विमानाने नागपूरला उतरणाऱ्या पुणेकराला तेथे लवकर अंधारल्यासारखे वाटते, त्याचे कारण हेच.

वळसा घालणारा लोहमार्ग

विमानाचे महत्त्व समजण्यासाठी जमिनीवरचे अंतर पाहणे आवश्यक ठरते. पुण्याहून नागपूरला जाणारी रेल्वे थेट ईशान्येकडे जात नाही. ती दौंडहून अहिल्यानगरमार्गे आधी उत्तरेला मनमाडपर्यंत चढते. तेथे मुंबईहून येणाऱ्या मुख्य मार्गाला मिळते आणि मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा पूर्वेकडचा रस्ता धरते. अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर असा थेट लोहमार्ग नसल्याने हा वळसा टळत नाही.

परिणामी, पुणे ते नागपूरमधील अजनी स्थानक हे रेल्वेचे अंतर ८८१ किलोमीटर आहे. हवाई अंतराच्या तुलनेत ते तब्बल ४५ टक्क्यांनी अधिक आहे. मुंबईशी तुलना केल्यास विसंगती अधिक ठळकपणे दिसते. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा जास्त. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर, म्हणजे पुण्यापेक्षा कमी! आकाशातून पाहिले, तर पुणे नागपूरला मुंबईपेक्षा जवळ आहे. रुळांवरून पाहिले, तर ते दूर आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी-पुणे वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली. दिवसा धावणाऱ्या या गाडीला एका दिशेच्या प्रवासास सुमारे १२ तास लागतात. म्हणजे सरासरी वेग ताशी ७३ किलोमीटर पडतो. याआधी रात्रभराच्या गाड्यांवरच भिस्त असलेल्या प्रवाशांना त्यामुळे आणखी एक पर्याय मिळाला, परंतु सुटीचा एक पूर्ण दिवस त्यात खर्ची पडतो.

रस्त्याने अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना आणि पुढे समृद्धी महामार्ग असे गेल्यास अंतर सातशे किलोमीटरच्या थोडे वर भरते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई मार्ग ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे विदर्भातील वाहनांचा वेळ निश्चितच वाचला. तरीही पुण्याबाहेर पडण्यातील कोंडी आणि जालन्यापर्यंतचा रस्ता धरता हा प्रवास दहा ते बारा तासांचाच राहतो.

रात्रभराच्या या प्रवासातील धोक्याची जाणीव १ जुलै २०२३ च्या दुर्घटनेने संपूर्ण राज्याला करून दिली. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी प्रवासी बस बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. विमानाचे तिकीट परवडत नाही आणि रेल्वेचे आरक्षण मिळत नाही, म्हणून बसचा मार्ग धरणाऱ्यांची संख्या या मार्गावर मोठी आहे, हे त्या निमित्ताने पुन्हा समोर आले.

आकाशातून मध्यवर्ती

रेल्वेने आडवळणी वाटणारे नागपूर हवाई मार्गाने मात्र कोणापासूनच फार दूर नाही. तेथून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली ८५०, चेन्नई ९०५ आणि कोलकाता ९८५ किलोमीटरवर आहे. चारही महानगरांपासूनच्या या अंतराचा उपयोग देशाने स्वातंत्र्यानंतर लगेचच करून घेतला. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. चारही शहरांतून टपालाच्या थैल्या घेऊन निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला उतरत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. त्या काळातील डाकोटा विमानांचा वेग आजच्या जेटच्या निम्म्याहूनही कमी होता. तरीही संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्यात वाटले जाऊ शकत होते, ते केवळ नागपूरच्या मध्यवर्ती स्थानामुळे.

राजकीयदृष्ट्याही हे अंतर नेहमीच चर्चेत राहिले. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला संयुक्त महाराष्ट्रात सामील करून घेताना सरकारने ठरावीक काळ नागपुरातून काम करावे, असे ठरले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, ते त्याच परंपरेने. अधिवेशनाच्या काळात मंत्री, अधिकारी, आंदोलक आणि पत्रकार यांची नागपूरकडे रीघ लागते आणि नेमक्या त्याच डिसेंबर महिन्यात पर्यटन व लग्नसराईचीही गर्दी असल्याने विमानांची तिकिटे चढ्या दराने विकली जातात.

चव्वेचाळीस मिनिटांचा दीड तास कसा होतो?

तिकिटावर छापलेली वेळ ही विमान हवेत असण्याची वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हलते, तेव्हा त्याच्या चाकांना लावलेले ठोकळे काढले जातात. दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर येऊन थांबते, तेव्हा ठोकळे पुन्हा लावले जातात. या दोन क्षणांमधील संपूर्ण काळाला विमान वाहतुकीच्या भाषेत ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. वेळापत्रकात तोच दिलेला असतो.

पुणे-नागपूर प्रवासात हा काळ ढोबळमानाने पुढीलप्रमाणे विभागला जातो. विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे आणि धावपट्टीपर्यंत जाणे यात दहा मिनिटे किंवा अधिक वेळ जातो. उड्डाणानंतर तीस-तेहतीस हजार फुटांची उंची गाठण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. दहा हजार फुटांखाली वेग ताशी २५० नॉट, म्हणजे सुमारे ४६० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवावा लागतो. वर चढतानाही विमान पूर्ण वेगाने जात नाही. उतरताना हाच क्रम उलटा होतो. तेहतीस हजार फुटांवरून खाली येण्याची सुरुवात मुक्कामाच्या सुमारे १८० ते २०० किलोमीटर आधी करावी लागते.

चढण्यात सुमारे दोनशे आणि उतरण्यात जवळपास तेवढेच किलोमीटर गेल्यावर सहाशेपैकी उरतात जेमतेम दोनशे. म्हणजे पूर्ण वेगाने समान उंचीवरचा प्रवास पंधरा ते वीस मिनिटेच चालतो. हवाई सुंदरींनी पाण्याचे ग्लास वाटून होत नाहीत, तोच पट्टे बांधण्याची सूचना येते, ती यामुळेच. हवेतील एकूण काळ साधारणतः एक तासाच्या आसपास राहतो.

उरलेली मिनिटे धावपट्ट्यांच्या दिशेवर अवलंबून असतात. पुण्याची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडे तोंड करून उड्डाण झाले, तर विमान थोडेसे डावीकडे वळून थेट नागपूरच्या रस्त्याला लागते. पावसाळ्यात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. विमान नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करते. अशा वेळी ते आधी पुणे शहराकडे झेपावते आणि मग जवळजवळ उलट दिशेला वळते. यात काही मिनिटे वाढतात. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. पुण्याकडून, म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारे विमान तिला आडवे येते. त्यामुळे कोणत्याही टोकाने उतरायचे झाले, तरी बाजूला जाऊन वळण घ्यावेच लागते. सरळ येऊन सरळ उतरणे येथे शक्य होत नाही.

पुण्याची आणखी एक अडचण आहे. लोहगाव हा मुळात भारतीय हवाई दलाचा तळ असून येथे सुखोई-३० लढाऊ विमाने आहेत. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे आहे. नागरी विमानांना त्यांच्या सरावाच्या वेळा सांभाळून जागा मिळते. धावपट्टी एकच असल्याने तिच्या दुरुस्तीचे काम निघाले, की पर्याय उरत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी हा विमानतळ १६ ते २९ तारखेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा लागला होता.

या सर्व अनिश्चिततेसाठी कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे राखीव ठेवतात. विमान वीस मिनिटे उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचले, असा अनुभव अनेक प्रवाशांना येतो, त्याचे रहस्य या राखीव मिनिटांत आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या आकडेवारीत निर्धारित वेळेपासून १५ मिनिटांच्या आतील विमान ‘वेळेवर’ धरले जाते. त्यामुळे वेळापत्रकात थोडी ढिलाई ठेवणे कंपन्यांच्याही सोयीचे असते.

जाताना कमी, येताना जास्त

हिवाळ्यात भारताच्या उत्तर आणि मध्य भागावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात आणि परतणाऱ्या विमानाला समोरून अडवितात. ताशी ८० किलोमीटरचा वारा गृहीत धरला, तर ६०५ किलोमीटरचे अंतर जाताना ४० आणि येताना ४८ मिनिटांचे होते. प्रत्यक्षात पूर्ण उंचीवरचा प्रवास छोटा असल्याने फरक याहून कमी, चार-पाच मिनिटांचा पडतो. लांबच्या प्रवासात, उदाहरणार्थ मुंबई-कोलकाता मार्गावर, तो ठळकपणे जाणवतो. पावसाळ्यात वाऱ्यांची दिशा बदलते. त्या काळात वाऱ्यापेक्षा ढगांना वळसा घालणे आणि उतरण्याच्या परवानगीसाठी घिरट्या घालणे यातच अधिक वेळ जातो.

जाणारे आणि येणारे विमान एकाच मार्गावर समोरासमोर आले तरी धोका नसतो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना ३१, ३३, ३५ हजार अशा विषम आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना ३०, ३२, ३४ हजार अशा सम उंचीची पातळी दिली जाते.

विमानाच्या प्रकारानेही वेळ बदलते. पंख्यांचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. या मार्गावर ते जेटपेक्षा साधारण वीस ते पंचवीस मिनिटे अधिक घेते. वेगात एवढी तफावत असूनही वेळेत फरक कमी पडतो. याचे कारण पुन्हा तेच. कमी अंतरावर जेटला आपला पूर्ण वेग वापरण्यास वावच मिळत नाही.

घर ते घर हिशेब

आता प्रवाशाच्या दृष्टीने पाहू. देशांतर्गत विमानाचे चेक-इन साधारणतः सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते आणि विमानात चढण्याचा दरवाजा २५ मिनिटे आधी. सुरक्षा तपासणीच्या रांगेचा विचार करून बहुतेक प्रवासी दीड तास आधी पोहोचतात. पुण्यात कोथरूड किंवा सिंहगड रस्त्यावरून लोहगावला पोहोचण्यास गर्दीच्या वेळी तासभर लागतो. हिंजवडीतून निघणाऱ्या आयटी कर्मचाऱ्याला शुक्रवारी सायंकाळी दीड तासही पुरत नाही. पुणे मेट्रो मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत धावते, पण विमानतळ तेथून काही किलोमीटरवर असल्याने पुढे रिक्षा किंवा टॅक्सी करावीच लागते.

नागपुरात परिस्थिती सुसह्य आहे. विमानतळ सीताबर्डीपासून सुमारे आठ किलोमीटरवर वर्धा मार्गालगत आहे आणि याच मार्गावर मेट्रोचे एअरपोर्ट स्थानक आहे. सामान मिळून अर्ध्या-पाऊण तासात शहराच्या बहुतेक भागांत पोहोचता येते.

बेरीज अशी होते : घर ते लोहगाव एक तास, विमानतळावर दीड तास, विमानात सुमारे दीड तास, सामान आणि घरापर्यंतचा प्रवास पाऊण तास. एकूण पावणेपाच तास. यातील सव्वातीन तास विमानाबाहेर जातात! ६०५ किलोमीटर अंतर पावणेपाच तासांत म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे १२७ किलोमीटर पडतो. ताशी ८३० किलोमीटर वेगाच्या विमानाचा हा खरा वेग.

तरीही या मार्गावर विमान इतर सर्व साधनांवर मात करते. रेल्वे स्थानकापर्यंतचा प्रवास धरून वंदे भारतला साडेतेरा तास, रस्त्याने दहा ते बारा तास. विमानाने किमान पाच तास वाचतात. मुंबई-पुणे मार्गाशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होतो. त्या दोन विमानतळांमधील हवाई अंतर अवघे १२४ किलोमीटर आहे. विमानात पाऊण तास धरला, तरी विमानाबाहेरचे सव्वातीन तास सुटत नाहीत आणि एकूण वेळ चार तास होते. डेक्कन क्वीन मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटर अंतर सव्वातीन तासांच्या आसपास पार करते, तेही प्रवाशाला शहराच्या मध्यावर सोडून. म्हणजे विमान फायद्याचे की नाही, हे त्याच्या वेगापेक्षा जमिनीवर जाणाऱ्या या ठरावीक तीन-सव्वातीन तासांवर अवलंबून असते. अंतर वाढते, तसे हे तास विभागले जातात. अंतर कमी झाले, की तेच डोईजड होतात.

वेळ, अंतर आणि तिकिटाचे पैसे

प्रवासाची वेळ आणि अंतर यांना केवळ माहितीपुरते महत्त्व नाही. सरकारने भाड्यावर मर्यादा घातली, तेव्हा याच आकड्यांचा आधार घेतला. करोनाकाळात मे २०२० मध्ये विमानसेवा पुन्हा सुरू करताना केंद्राने उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट पाडले. त्यात ६० ते ९० मिनिटांच्या उड्डाणासाठी किमान तीन हजार आणि कमाल नऊ हजार रुपये भाडे ठरविण्यात आले होते. ही मर्यादा ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस उठली. डिसेंबर २०२५ मध्ये देशभरात मोठ्या प्रमाणावर उड्डाणे रद्द होऊन भाडे गगनाला भिडले, तेव्हा सरकारने पुन्हा मर्यादा आणली. या वेळी मात्र निकष वेळेचा नसून अंतराचा होता. ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, ५०० ते १००० किलोमीटरसाठी १२ हजार रुपये, कर आणि विमानतळ शुल्क वेगळे. ६०५ किलोमीटरचे पुणे-नागपूर दुसऱ्या गटात, तर सुमारे ३०८ किलोमीटरचे मुंबई-कोल्हापूर पहिल्या गटात बसते.

‘उडान’ योजनेतही एक तासाच्या किंवा सुमारे ५०० किलोमीटरच्या प्रवासासाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा ठेवून सवलतीच्या जागा देण्यात आल्या. २०१७ पासून छोट्या विमानतळांना त्याचा लाभ झाला. पुणे आणि नागपूर ही दोन्ही मोठी, आधीपासून विमाने असलेली शहरे असल्याने या मार्गावरील प्रवाशाला त्याचा उपयोग नाही. दिवाळीच्या आठवड्यात येथील तिकिटाचा दर मागणीनुसार चढतो आणि विद्यार्थी किंवा नवखा नोकरदार पुन्हा रात्रीच्या बसकडे वळतो.

प्रवाशांच्या हक्कांचेही गणित ब्लॉक टाइमशी जोडलेले आहे. विमान महासंचालनालयाच्या नियमांनुसार, पुरेशी पूर्वसूचना न देता विमान रद्द केले, तर परतावा किंवा पर्यायी विमानाखेरीज भरपाई द्यावी लागते. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असल्यास पाच हजार, एक ते दोन तास असल्यास साडेसात हजार आणि त्याहून अधिक असल्यास दहा हजार रुपये, किंवा एकेरी मूळ भाडे व इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. पुणे-नागपूर प्रवास मधल्या गटात येतो. खराब हवामानासारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांसाठी ही भरपाई मिळत नाही. अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर थांबलेल्या प्रवाशांना खाद्यपदार्थ आणि पेये देणे कंपनीवर बंधनकारक आहे. अनेक प्रवासी हा हक्क मागतच नाहीत.

वेळ कोठे वाचू शकते?

विमानांचा वेग गेल्या अनेक दशकांत फारसा वाढलेला नाही आणि नजीकच्या काळात तो वाढण्याची शक्यताही नाही. ६०५ किलोमीटरचे अंतर तर बदलणारच नाही. वेळ वाचायची असेल, तर ती जमिनीवरच वाचू शकते. पुण्यात मेट्रो थेट विमानतळापर्यंत गेली, तर पश्चिम भागातील प्रवाशांचा अर्धा तास वाचेल. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या टर्मिनलमुळे आतील जागा वाढली. बाहेरच्या रस्त्यांचा प्रश्न मात्र कायम आहे. पुरंदर तालुक्यातील नियोजित विमानतळ शहरापासून अधिक दूर असल्याने, तेथे जाण्याची जलद सोय आधी झाली नाही, तर हवेत वाचलेली मिनिटे रस्त्यावर खर्च होतील.

तोपर्यंत या मार्गावर जाणाऱ्यांनी तिकिटावरील दीड तासाऐवजी पाच तासांचा हिशेब मनात धरावा. शुक्रवारी सायंकाळी सहाचे विमान पकडायचे, तर हिंजवडीतील कर्मचाऱ्याला कार्यालय तीनलाच सोडावे लागेल. नागपुरात तो साडेआठच्या सुमारास घरी असेल. रात्रीच्या बसने निघालेला त्याचा सहकारी त्या वेळी अहिल्यानगरही ओलांडलेला नसेल.

दृष्टिक्षेपात पुणे-नागपूर

हवाई अंतर : सुमारे ६०५ किलोमीटर, म्हणजे ३२७ सागरी मैल
रेल्वे : ८८१ किलोमीटर (पुणे-अजनी), वंदे भारतने सुमारे १२ तास
रस्ता : सातशे किलोमीटरहून थोडे अधिक, १० ते १२ तास
वेळापत्रकातील विमानाची वेळ : सव्वा ते दीड तास
प्रत्यक्ष हवेत : सुमारे एक तास
घर ते घर : पावणेपाच ते पाच तास

राज्यातील अन्य हवाई अंतरे (सुमारे)

मुंबई-नागपूर : ६८३ किलोमीटर
नागपूर-छत्रपती संभाजीनगर : ४०५ किलोमीटर
मुंबई-कोल्हापूर : ३०८ किलोमीटर
मुंबई-छत्रपती संभाजीनगर : २७९ किलोमीटर
मुंबई-पुणे : १२४ किलोमीटर